पश्चिमेला उगवणारा चंद्र

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी सोलापुरात भाजी घेताना कुणीतरी थांबतं, माझ्याकडे निरखून बघतं आणि विचारतं, "तुम्ही त्या फुग्यावाल्या बाई ना?" मी हो म्हणते. सव्वीस वर्षं मी फुग्यात उभी राहून बोलले. पदवी भौतिकशास्त्राची असली तरी ओळख फुग्याचीच, हे मी केव्हाच मान्य करून टाकलंय.

फुगा म्हणजे आमचं फिरतं तारांगण. काळ्या जाड कापडाचा घुमट. मोकळा असला की एका मोठ्या पोत्यात मावतो. शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर समाजमंदिरात तो अंथरायचा, एका बाजूनं ब्लोअर लावायचा, की दहा मिनिटांत छताला टेकतो. आत शिरायला कापडाचंच बोगद्यासारखं तोंड. पोरं चपला बाहेर काढून रांगत आत येतात, गोल बसतात, मध्ये मी आणि प्रोजेक्टर. भर दुपारी बारा वाजता मिट्ट काळोख आणि डोक्यावर चांदण्या. या घुमटाला खांब नाही की काठी नाही, तो आतल्या हवेवर उभा असतो. म्हणून ब्लोअर सतत चालू ठेवावा लागतो. हवा कमी झाली की आभाळ हळूहळू खाली यायला लागतं.

ब्लोअर आणि गाडी नरसय्याकडे. हा मूळचा यंत्रमागावरचा, विणकरांच्या घरातला. घरात तेलुगू बोलायचा, रागावला की आमच्याशीही तेलुगूच. घुमट कुठे फाटला तर तो बसल्या जागी असा रफू करायचा की भोक कुठे होतं ते मला हातानं चाचपूनही सापडत नसे. खरं तर आमचं आकाश इतकी वर्षं टिकलं ते त्याच्या सुईदोऱ्यामुळे. भाषणात मात्र सत्कार माझाच व्हायचा.

एकदा केमच्या शाळेत शो चालू असताना वीज गेली. चाळीस पोरांवर अख्खी आकाशगंगा सावकाश येऊन बसली. मी घाबरून ओरडतेय, "डोकं खाली, रांगत बाहेर," आणि पोरं टाळ्या वाजवतायत. त्यांना वाटलं, हा शेवटचा खेळ आहे. पुढच्या वर्षी त्याच शाळेतून निरोप आला, "म्याडम, ते आभाळ पडायचं तेवढं ठेवा बरं का."

प्रश्न तर काय एकेक असायचे! बार्शीला एक बाई शो संपल्यावर बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आमच्या मुलीला कडक मंगळ आहे. तुम्ही म्हणता मंगळाला दोन चंद्र आहेत. चंद्र शीतल असतो. मग दोन-दोन चंद्र असताना मंगळ एवढा कडक राहतो कसा?" मी म्हटलं, "अहो, ते चंद्र इतके बारके आहेत की त्यांचं कुणी ऐकत नसेल." त्यांना ते पटलं. त्यांच्याही घरात तसंच काहीतरी असावं. मंगळवेढ्याकडच्या पोरांना तर मंगळ आपल्याच तालुक्यातला वाटायचा आणि तसं ती ठासून सांगायचीही.

मंगळाचे हे दोन चंद्र माझे लाडके. मोठ्याचं नाव फोबॉस, धाकट्याचं डायमॉस. ग्रीक भाषेत एक भीती आणि दुसरा धास्ती. नावं एवढी दांडगी, पण अंगानं अगदी किरकोळ. फोबॉस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजला तरी सोलापूर ते मोहोळ अंतर भरणार नाही. डायमॉस साधारण त्याच्या निम्मा. दोघेही गोल नाहीत, बाजारात शेवटी उरलेल्या बटाट्यांसारखे वेडेवाकडे. ते सापडले त्याची गोष्टही मला फार आवडायची. एक खगोलशास्त्रज्ञ शोधून शोधून दमला आणि बायकोला म्हणाला, आता पुरे. ती म्हणाली, अजून एकदा बघा. त्यानं बघितलं आणि सापडले. फोबॉसवरच्या सगळ्यांत मोठ्या खड्ड्याला पुढे त्या बायकोचं माहेरचं नाव दिलं गेलं. हे सांगितलं की मागं बसलेल्या शिक्षिका हटकून हसायच्या.

एवढं प्रेम असूनही या चंद्रांच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक झाली, ती आता लिहायला हवी. आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाच्या हातून ती होऊच शकत नाही.

एका शाळेत दिवसाला सात-आठ बॅच असायच्या. क्रम ठरलेला. आधी मोठी मुलं, मग लहान पोरं, आणि सगळ्यांत शेवटी मोठ्या मुली. कारण सकाळपासून हॉल झाडणं, पाणी भरणं, पाहुण्यांचा चहा हे सगळं त्यांच्याकडे. शेवटच्या बॅचपर्यंत माझा घसा बसलेला असायचा आणि नरसय्याला गाडी भरायची घाई असायची. प्रश्न संपत नसले की आमची एक युक्ती होती. बोगद्याच्या तोंडाशी बसलेल्या नरसय्याला मी टॉर्चनं खूण करायची, तो ब्लोअर कमी करायचा. घुमट खाली यायला लागला की पोरी किंचाळत, हसत बाहेर पळायच्या. कुणाला "आता पुरे" म्हणावं लागत नसे. या युक्तीचा मला अभिमानसुद्धा होता, नव्या माणसांना मी ती शिकवली होती.

मंगळवेढे तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शो करून आलो, त्याला आठ-दहा दिवस झाले असतील. सोलापुरात आमच्या संस्थेच्या ऑफिसात बसले होते. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. एसटी स्टँडपासून 'फुगेवाली बाई कुठे' असं विचारत पायी आला होता. मला वाटलं, वाढदिवसाचे फुगे हवे असतील. पाणी दिलं, बसा म्हटलं. तो बसला नाही.

"तुमीच का आबाळ दावनाऱ्या बाई?"

"हो. तुम्ही?"

"म्हाळाप्पा म्हन्त्यात मला. मेंढरं हायती आमची. माजी पोरगी कोमल, सातवीला हाय. तुमी तिला काय सांगितलं त्ये इचाराय आलोय."

कोमल कोण ते मला आठवेना. म्हाळाप्पानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजींनी विचारलं, काल काय पाहिलंत? कोमल म्हणाली, मंगळाला दोन चंद्र आहेत आणि त्यातला एक पश्चिमेला उगवतो. वर्ग हसला. गुरुजीही हसले. म्हणाले, चंद्र-सूर्य पूर्वेलाच उगवतात, तू ऐकताना झोपली असशील. ती म्हणाली, बाईंनीच सांगितलं. गुरुजी म्हणाले, शहाणी माणसं असं सांगणार नाहीत, चुकलं म्हण आणि खाली बस. ती चुकलं म्हणेना. तास संपेपर्यंत उभी राहिली. घरी गेली, दप्तर खुंटीला अडकवलं आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेलीच नाही.

"रानात बी पोरं चिडवत्यात, पश्चिमा म्हनून हाका मारत्यात," म्हाळाप्पा म्हणाला. "येत्या सोमवारी आमी मेंढरं घिऊन भीमंकडं निगनार, आखाडापतुर माघारी येत न्हाय. दरसाल तिला आज्जीपाशी ठिवून जातो, साळंसाटनं. आवंदा ती म्हनती, मी बी येते, साळा नगं. आता तुमी सांगा. पोरगी लबाड बोलली आसंल तर तिला आज्जीपाशी सोडून कसा जाऊ? संगंच न्येतो. आन् खरं बोलली आसंल तर चुकलं कशापायी म्हनावं तिनं?"

"मी म्हटलं असेन तसं," मी म्हणाले.

"आसेन न्हवं, बाई. म्हनला का न्हाय?"

मला खरंच आठवत नव्हतं. असल्या शेकडो शेवटच्या बॅच झाल्या होत्या. तेवढ्यात मागे घुमट रफू करत बसलेला नरसय्या म्हणाला, "म्हनल्या की. मी बोगद्यापाशीच बसलो होतो. लाल रिबिनीची पोरगी. इचारली, मंगळाला चंद्र हाय का म्हणून. म्याडम सांगितल्या, दोन हाय, त्यातला एक पश्चिमेला उगवतो. ती पोरगी 'का?' म्हणली." नरसय्या थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग म्याडम मला टॉर्च दावल्या."

त्या पोरीनं 'का' विचारलं आणि मी तिच्या डोक्यावर आभाळ पाडलं. अर्धवट गोष्ट हातात घेऊन ती वर्गात उभी राहिली होती, आणि तिच्या बाजूनं बोलायला मी तिथे नव्हते. उरलेल्या पोरी तर तेव्हा पळण्याच्या नादात होत्या, त्यांनी काही ऐकलंही नसेल. मी म्हाळाप्पाला म्हटलं, "तुमची मुलगी खरं बोलली. चूक माझी आहे."

मला वाटलं, माणूस भडकेल. तो पहिल्यांदा खाली बसला आणि काठी आडवी मांडीवर ठेवली. "मंग आता मला सांगा," तो म्हणाला. "पश्चिमेला कसा काय उगवतो?"

मी विचारलं, "मोबाईलवर कुणी बघितलं नाही का?"

"मोबाईलात मानसाला शेपूट बी दावत्यात."

मी कागद घेतला, वर्तुळ काढलं, त्याभोवती दुसरं वर्तुळ काढलं, बाण काढले. मंगळ स्वतःभोवती एक फेरी मारतो चोवीस तास आणि वर अर्ध्याएक तासात. फोबॉस मंगळाभोवती फेरी मारतो आठ तासांच्याही आत. दोघांची दिशा एकच, पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणून... पण बाणांवर बाण चढले आणि म्हाळाप्पाच्या कपाळावर आठ्या. इतकी वर्षं हाच कागद मी सगळ्यांसमोर काढत होते आणि लोक समजल्यासारखी मान हलवत होते. हा मान हलवेना.

"थांबा," तो म्हणाला. "जमीन फिरती ह्ये मला म्हाईत हाय, चौथीपतुर शिकलोय. कुनीकडं फिरती? उगवतीकडं न्हवं?"

"हो."

"म्हंजी आमी मेंढरं घिऊन उगवतीकडं चाललोय आसं धरा. आमी चालतोय त्ये आमाला कळत न्हाय. आता मोरं येक म्हातारी मेंढी हाय, ती सावकास चालती. ती आदी मोरं दिसती, मंग बाजूला येती, मंग मागं ऱ्हाती. ह्यो आपला चांद. उगवतीला दिसला, मावळतीला गेला. ती बी उगवतीकडंच चाललीया, पर आमी तिला मागं टाकली."

"बरोबर," मी म्हटलं.

"आन् माजं कुत्रं हाय. त्ये आमच्यापरास जोरात पळतं. त्ये मागनं येतं, बाजूनं निगतं, मोरं जातं. मागं म्हंजी मावळती. त्यो तुमचा मंगळाचा चांद." तो माझ्याकडे बघत राहिला. "आसंच हाय का?"

असंच होतं. इतकं सरळ होतं की मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी विचारलं, "आणि एखादी मेंढी तुमच्या चालीपेक्षा अगदी जराशीच हळू असली तर?"

"मंग ती लई येळ बाजूलाच दिसती. मागं पडता पडता पडत न्हाय."

तो डायमॉस. त्याची फेरी तीस तासांची, मंगळाच्या चालीपेक्षा थोडी सावकाश. एकदा उगवला की सुमारे अडीच दिवस तो मावळतच नाही. म्हाळाप्पानं नकळत तोही सांगून टाकला होता. माझ्या आयुष्यात मला बरेच शिक्षक भेटले, काही मोठ्या पदव्यांचे. त्यात या माणसाचं नाव मी फार वर घेते आणि ते घेताना मला बरं वाटतं. पुढची जी काही वर्षं नोकरी झाली, त्यात मी तो कागद परत कधी काढला नाही.

मी म्हटलं, "मी गुरुजींना सविस्तर पत्र देते, संस्थेच्या शिक्क्यासकट."

"कागूद नगं," म्हाळाप्पा म्हणाला. "कागूद गुरुजी वाचतील. पोरं हसल्यात. तुमी या."

सोमवारी सकाळी मी आणि नरसय्या गेलो, घुमट न घेता. शाळेसमोरचा रस्ता सरळ पूर्वेला जातो. कळप एरवी पहाटेच निघायचा, म्हाळाप्पानं तो शाळा भरेपर्यंत थांबवून धरला होता. दोनेकशे मेंढरं, दोन घोड्या, त्यांच्यावर भांडी, जाळी, कोकरं आणि अंथरुणं लादलेली. दुसऱ्या घोडीवर सगळ्यांत वर एक फुलाफुलांच्या चादरीचं गाठोडं होतं. ते कोमलचं, हे विचारावं लागलं नाही, कारण ती त्याच घोडीचा लगाम धरून उभी होती. शाळेकडे तिची पाठ होती. बारीक अंगाची, रुंद कपाळाची मुलगी. मी नाव घेऊन हाक मारली तेव्हा वळली, पण बोलली नाही.

गुरुजी तरुण होते, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मी आधी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मॅडम, पुस्तकात हे नाहीये." मी म्हटलं, "नाहीये. आणि मी अर्धवट सांगून निघून गेले. दोष माझ्याकडे जास्त आहे." मग सगळ्या वर्गासमोर मी तेच परत सांगितलं. कोमलनं विचारलं होतं, मी उत्तर न देता घुमट पाडला होता, ती खरं बोलली होती. मुलं माझ्याकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडावरून कळत होतं की कुणाला काही पटलेलं नाही. मोठी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, तसंच हेही, असं त्यांना वाटत असावं.

तेव्हा म्हाळाप्पा पुढे झाला. "समद्यांनी मेंढरांत या," म्हणाला. "गुरुजी, तुमी बी."

अख्खा सातवीचा वर्ग कळपात शिरला. नरसय्या धोतर सावरत, गुरुजी बूट सांभाळत, मी पदर खोचून. म्हाळाप्पानं सांगितलं, तोंड उगवतीकडं, मान वळवायची न्हाय, निसतं चालायचं. त्यानं तोंडानं आवाज काढला आणि कळप चालायला लागला. धूळ, लोकरीचा वास, पायांत घुटमळणारी कोकरं. पुढे एक लंगडी म्हातारी मेंढी होती. ती हळूहळू आमच्या बाजूला आली, मग दिसेनाशी झाली.

"म्हातारी कुटं गेली?"

"मागं!" पोरं ओरडली.

"मागं म्हंजी कुनीकडं?"

"पश्चिमेला!"

"तिचं तोंड कुनीकडं हाय?"

एक पोरगा मान वळवून बघून म्हणाला, "पूर्वेलाच की!"

मग म्हाळाप्पानं मागं हात करून लांब शीळ घातली. क्षणभर काही झालं नाही. मग आमच्या पाठीमागून पिवळं कुत्रं सुसाट आलं, गुरुजींच्या पायाजवळून गेलं आणि पुढे रस्त्यावर लहान होत गेलं. गुरुजी थबकले. मेंढरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात राहिली. म्हाळाप्पानं काही विचारलंच नाही. मग एक मुलगी स्वतःशीच पुटपुटली, "मागनं आलं... म्हंजी पश्चिमेला उगवलं."

त्यानंतर जो कालवा झाला! कुत्र्याला परत बोलवा, परत सोडा. तीनदा फोबॉस उगवला. चौथ्यांदा कुत्रंच वैतागून बसलं, तेव्हा कळप वळवून सगळे शाळेसमोर परत आलो.

गुरुजी धुळीनं माखलेले कोमलपाशी गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोमल, मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला हवं होतं, ते न म्हणता मी तुला उभं केलं. चुकलं माझं."

कोमल घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला तरी कुटं म्हाईत व्हतं, गुरुजी? म्हनून तर इचारलं." आणि माझ्याकडे वळून पहिल्यांदाच बोलली. "बाई, ती दोन चंद्रं कदी येकमेकावर आदळत न्हाईत का?"

मी सांगितलं की नाही, दोघांच्या वाटा वेगळ्या, फोबॉसची खालून आणि डायमॉसची खूप वरून. पण फोबॉस हळूहळू मंगळाकडे सरकतोय आणि काही कोटी वर्षांनी फुटेल किंवा मंगळावर पडेल. ती म्हणाली, का? मी तेही सांगितलं. तिनं परत का विचारलं. मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं आणि पुढचं मला येत नाही, हेही सांगितलं. शाळेची घंटा मध्येच होऊन गेली. मुलं आत गेली, गुरुजी दारात थांबून राहिले. कोमलनं बापाकडे बघितलं. तो मुद्दाम दुसरीकडे बघत कोकराचा पाय तपासत होता. तिनं लगाम त्याच्या हातात दिला, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पळत शाळेत गेली. तिच्याकडे दप्तरसुद्धा नव्हतं.

म्हाळाप्पा घोडीपाशी आला. गाठीवर गाठ मारलेली दोरी सोडायला त्याला वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला, तो नको म्हणाला. फुलांच्या चादरीचं गाठोडं त्यानं खाली उतरवलं, एकदा झटकलं आणि माझ्यापुढे धरलं.

"साळा सुटली की तिच्यासंगं जावा," तो म्हणाला. "ह्ये आज्जीकडं पोचतं करा. तुमी सांगितल्यावर म्हातारीला बी पटंल."

त्यानं कळपाला आवाज दिला. रस्ताभर मेंढरं पसरली आणि पुढच्या वळणापर्यंत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. नरसय्यानं गाडी सावलीत लावली. त्याला त्या दिवशी कुठलीच घाई दिसली नाही. मी गाठोडं मांडीवर घेऊन शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिले.